मिरचीवालीचा हात

अख्ख्या मारेगावात तोंडावरच्या पुटकुळ्यांचे इलाज माह्यापेक्षा जास्त कोनाले ठाव नाई. ते सारे करूनच पस्तिशीत माह्यं तोंड वांग्याच्या भरतासारखं झालं. त्यात पोरगी पाहाले जाचं ठरलं, म्हनून मी रोज लिंबू घासून राह्यलो होतो, पुटकुळ्या फोडून राह्यलो होतो.

बजारात एक मिरचीवाली बसे. माह्याच वयाची. गालावर जुने डाग, पन नवी पुटकुळी एक नाई. घाम येवो, माशी बसो, तिचा हात तोंडाकडं जायेच नाई. दुपारी साबनानं हात धुवे, तोंडावर साधं पानी मारे, अन् निजलेलं लेकरू थापटावं तसं पदरानं टिपे. मी पाहातच राहो. एवढी माया मी माह्या बैलावर बी नाई केली, सोताच्या तोंडावर त सोडाच.

एक दिवस मिरच्या निवडता निवडता तिले इचारलं, "बाई, कोनती क्रीम लावता?" अन् तेच मिरचीचं बोट गेलं पुटकुळीवर. अशी आग झाली का मी गाल खसाखसा घासाले लागलो.

तिनं माह्यं मनगट धरलं अन् तोंडावर गडवाभर पानी मारलं. "घासू नोको, भाऊ. तुह्या तोंडाले क्रीम नाई, हाताले दावं पाह्यजे."