टायपिस्टच्या खुर्चीचं माप

मी सोलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. आमच्या घरात कचेरीत जाणारी मी पहिलीच. भवानी पेठेतल्या त्या घरात पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग होता आणि मागच्या खोलीत आम्ही सहा माणसं. घरात तेलुगू बोलायचो, दाराबाहेर मराठी. वडील स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले, पण मॅट्रिक झाल्यावर मला मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा द्यायला लावल्या होत्या त्यांनीच.

कचेरीत टायपिस्ट आम्ही दोघीच. दुसऱ्या होत्या त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. यजमान गेल्यावर नोकरीला लागलेल्या, दोन मुलींना एकटीनं वाढवत होत्या. मी त्यांना बाई म्हणायची. पहिल्या दिवशी रिबन कशी बदलायची ते त्यांनी मला दाखवलं आणि माझ्या पांढऱ्या पदरावर शाईचा ठिपकासुद्धा पडू दिला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कचेरीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तालुक्यातालुक्यांतून दुष्काळी कामांचे तपशील यायचे आणि त्यांचे अहवाल आम्ही स्टेन्सिलवर काढायचो. स्टेन्सिल म्हणजे मेणकागद; त्यावरून मग यंत्रावर हव्या तेवढ्या प्रती निघायच्या. रिबन बाजूला करून अक्षर थेट त्यावर मारायचं, आणि ते असं जोरात की मेण कापलं गेलं पाहिजे. दिवसाला आठ-दहा स्टेन्सिल झाल्या की खांद्यापासून बोटांपर्यंत हात नुसता ठणकायचा.

बाई दोन्ही हातांनी कप धरून चहा पितात, हे आधी माझ्या लक्षात आलं. मग एकदा कप हातातून सुटलाच. मी फुटके तुकडे गोळा करत होते तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी उठल्यावर ही बोटं माझी वाटतच नाहीत गं." डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली होती. रजा शिल्लक नव्हती.

त्या आठवड्यात त्यांच्या दोन स्टेन्सिल वाया गेल्या. आमचे हेडक्लार्क काही वाईट माणूस नव्हते, पण अहवाल वेळेवर गेला नाही तर साहेबांची बोलणी त्यांनाच खावी लागायची. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, की महिनाअखेरपर्यंत काम सुधारलं नाही तर टायपिंगला असमर्थ म्हणून वर लेखी कळवावं लागेल. बाई जागेवर आल्या, मशीनमध्ये कागद सरळ केला आणि कामाला लागल्या. मी मात्र त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुखणं माझ्याही खांद्यात शिरलं होतंच. आई तेल चोळत होती तेव्हा वडिलांनी मागावरूनच विचारलं, की तू तिथं बसतेस तरी कशी. मी ट्रंकेवर बसले, समोर दुसरी ट्रंक आईच्या पेटीवर चढवली आणि हात चालवून दाखवले. वडील धोटा बाजूला ठेवून उठले. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि माझे दोन्ही खांदे धरून खाली दाबले. तेव्हा कुठं मला कळलं, की खांदे मी सतत कानांपाशी नेऊन ठेवले होते. कोपर बरगडीला टेकलं पाहिजे, हात खाली उतरला पाहिजे, वर चढता कामा नये, असं ते म्हणाले. मग सुतळीचा एक तुकडा दिला आणि सांगितलं, की टेबल, खुर्ची, तू आणि बाई, सगळ्यांचं माप घेऊन ये. प्रत्येक मापाला एक गाठ मार.

बाईंचं माप घेताना त्या लाजून हसत होत्या. बैठकीपासून कोपरापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत. कचेरीतले दोघेतिघे खो खो करत होते. ब्लाऊज शिवायचाय का, असंही कुणी विचारलं. मी गाठी मारत राहिले.

वडिलांनी गाठी बोटांनी मोजल्या. टेबल मला चार बोटं उंच होतं आणि बुटक्या बाईंना सहा बोटं. सरकारी टेबलाचे पाय कापता येणार नव्हते, तेव्हा माणूस वर उचलायचा, असं त्यांनी ठरवलं. सुताची रद्दी गोणपाटात ठासून दोन घट्ट गाद्या शिवल्या, एक जाड, एक पातळ. खुर्ची उंच झाल्यावर पाय लोंबकळणार, म्हणून पायांखाली ठेवायला दोन उतरते पाट केले. टेबलावर आडवा ठेवलेला मसुदा वाचताना मान डावीकडे वळून राहायची. त्यासाठी शेजारच्या मुसलमान कुटुंबात कुराण ठेवायला असते तशा रेहलीच्या घाटाची, कागद उभा धरणारी दोन लाकडी स्टँडं करून घेतली. आणि मला बजावलं, की धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर मागावरून उठतो, तसं तुम्ही प्रत्येक पान संपलं की उठायचं.

सोमवारी ते स्वतःच सायकलवर सगळं बांधून कचेरीत आले. धोतर, टोपी, खांद्यावर गादी. हेडक्लार्क म्हणाले की कचेरीत अंथरूण-पांघरूण चालणार नाही, हे आधी बाहेर न्या. आवाज ऐकून साहेब खोलीतून बाहेर आले. माझ्यापायी वडिलांचा चारचौघांत अपमान होतो की काय, असं वाटलं.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे. वडील त्यांच्या तेलुगू वळणाच्या सोलापुरी मराठीत, अगदी सावकाश बोलले.

"साहेब, माग लावायचा म्हटलं की आमी आदी माणसाचं माप घेतो. पाय सोडायचा खड्डा किती खोल, बसायची फळी किती वर, समदं त्याच्या अंगावर ठरतंय. हितं टेबल आदी आलंय आन माणूस मागनं. म्हणून पोरींचे हात दुखत्यात की."

बाईंना उठायला सांगून साहेब स्वतः त्या खुर्चीत बसले, मशीनवर हात ठेवले आणि तसेच थोडा वेळ बसून राहिले. मग गादी घालायला सांगितली, पाट लावायला सांगितला आणि पुन्हा बसून पाहिलं. उठल्यावर शिपायाला म्हणाले, "यांना खुर्ची द्या. आणि चहा सांगा."

वडील खुर्चीच्या काठावर टेकून चहा प्यायले. तेवढा वेळ मी टाइप केलं नाही. नुसती त्यांच्याकडे बघत होते.

बाईंचा हात एका दिवसात बरा झाला नाही. पहिला आठवडा त्या उलट अवघडल्या. उंच बसल्यानं पडल्यासारखं वाटतं, म्हणायच्या. पान संपलं की उठायला त्यांना संकोच वाटायचा, म्हणून मीही त्यांच्याबरोबर उठायची आणि आम्ही दोघी खिडकीपर्यंत जाऊन यायचो. जोराच्या स्टेन्सिल मी ओढून घ्यायची, साधी पत्रं त्यांना द्यायची. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका हातानं कप उचलला. मी पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही.

महिनाअखेरीस बारा स्टेन्सिलचा अहवाल निघायचा होता. तो मीच करावा असं हेडक्लार्कचं म्हणणं होतं, पण बाईंनी मसुदा आपल्याकडे घेतला. सकाळी बसल्या त्या दुपारी चारला उठल्या; मधे प्रत्येक स्टेन्सिलनंतर खिडकीपर्यंत एक फेरी. हेडक्लार्कनी एकेक स्टेन्सिल उजेडात धरून ओळ न् ओळ तपासली. एकही चूक नव्हती. मग चष्मा पुसत त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की वडील आमच्या खुर्चीकडे एकदा बघतील का, कंबर फार धरते. वडील पुढच्या रविवारी सुतळी घेऊन त्यांचं माप घ्यायला त्यांच्या घरी जाऊन आले.

बाईंविषयी कुणी काही लिहून कळवलं नाही. पुढं त्या टायपिस्ट म्हणूनच निवृत्त झाल्या. जड काम केलं की बोटांत मुंग्या यायच्या, त्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत, पण हात चालू राहिला आणि दोन्ही मुलींची शिक्षणं त्या हातावर झाली.

दोनएक वर्षांनी कचेरीत नवं फर्निचर यायचं ठरलं. साहेबांनी मला बोलावून टायपिस्टच्या टेबलाची उंची विचारली. मी वडिलांना विचारून सांगितली. टंकलेखकांसाठी कमी उंचीची मेजे करून घ्यावीत, असा आदेश निघाला. त्याचा मसुदा कार्बन लावून चार प्रतींत टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. बाई शेजारी बसून मोठ्यानं वाचत होत्या आणि मी टाइप करत होते. ती उंची आली तिथं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हे नीट मार हं, चारही प्रतींवर उठलं पाहिजे."