दातारांचा बंदा रुपया

विमानतळावर नोकरी केली की किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. प्रवासी सगळं सामान मोजून घेऊन जातात, किस्से तेवढे मागे ठेवतात! कलकत्त्याला दमदमच्या हवामान कचेरीत मी आणि दातार असे दोघेच मराठी, त्यामुळे आमच्या वाट्याला जरा जास्तच आले.

*

कॉमेट हे जेट विमान पहिल्यांदा उतरलं तेव्हा सगळा स्टाफ कामं टाकून बाहेर! जेट कसं असतं ते कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रवाशांना शिडीपर्यंत नेणारे आमचे घोषदा विमानाभोवती चक्कर मारून आले आणि म्हणाले, "पाखा कोथाय?" म्हणजे, पुढे गरगर फिरणारे पंखे कुठे गेले?

तरी प्रवासी येताच घोषदा सवयीने ओरडले, "पंख्यापासून लांब!"

एक साहेब थबकला. "पंखा आहे कुठे?"

"नाही ना! म्हणून तर जपायचं. दिसला असता तर तुम्हीच चुकवला असता!"

*

त्याच कॉमेटचा वैमानिक हवामानाचा कागद न्यायला आला आणि दातारांना म्हणाला, "आमचं विमान इतकं स्थिर जातं, की टेबलावर नाणं कडेवर उभं राहतं."

झालं! त्या दिवसापासून दातारांच्या खिशात एक बंदा रुपया मुक्कामाला आला. जन्म गेला विमानांना आभाळ सांगण्यात, पण स्वतः कधी उडाले नव्हते. रिटायर व्हायच्या आत जेटमध्ये बसायचं आणि तो रुपया उभा करायचा, एवढी एकच इच्छा.

दातारवहिनी म्हणाल्या, "घरात पैसा टिकत नाही, आणि हे आभाळात उभा करायला निघालेत!"

*

मग तो मे महिना आला. दमदमहून उडालेलं एक कॉमेट वादळात सापडून कोसळलं. कोणी वाचलं नाही. त्यातल्या माणसांना आम्ही थोड्याच वेळापूर्वी हसताना, चहा पिताना पाहिलं होतं. फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

वहिनींनी दातारांच्या खिशातला रुपया काढून देवापाशी ठेवला. "आता हा इथेच राहील," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी तिकडे युरोपात आणखी दोन कॉमेट समुद्रात पडली आणि ती जातच जमिनीवर बसवली गेली.

*

ती का पडली याचा विलायतेत शोध लागला, तो दातारांनी पेपरातून मोठ्याने वाचून दाखवला. एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं, आत दाब भरला, सोडला, पुन्हा भरला, पुन्हा सोडला. शेवटी चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. "पैठणीची घडी बदलत राहावी लागते, नाहीतर ती घडीवरच विरते. त्यांच्या घरी बायका नव्हत्या का?"

*

काही वर्षांनी नवं कॉमेट आलं. मजबूत पत्रा, गोलसर खिडक्या. दातार रिटायर व्हायला आले होते. तेवढ्यात विमान कंपनीने विमानतळावरच्या आम्हा काही लोकांना शहरावरून एक चक्कर मारायला बोलावलं. बायकोसकट!

दातारांनी घरी भीत भीत विचारलं. वहिनी म्हणाल्या, "जायचं तर मी शेजारी बसणार. तुम्ही वर आणि मी खाली, असं मला जमायचं नाही."

विमान उडालं. खाली हुगळी, हावड्याचा पूल, सगळं चिमुकलं. वहिनींनी डोळे मिटलेलेच. विमान सरळ झाल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली, समोरच्या टेबलावर चिमूटभर तांदूळ ठेवले, त्यावर सुपारीचा गणपती बसवला आणि हात जोडले. मग कुंकू लागलेला तो रुपया दातारांपुढे धरला.

दातारांनी उभा केला, पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. मी आणि घोषदा मागून माना लांब करून बघत होतो. दातारांचा चेहरा अगदी उतरला. "वैमानिक थाप मारून गेला!"

गणपती मात्र तांदळावर जसाच्या तसा.

"विमान कुठे हलतंय? तुमचा हात कापतोय," वहिनी म्हणाल्या. "आणा इकडे."

त्यांनी रुपया टेबलावर टेकवला, श्वास रोखला आणि हळूच बोटं काढून घेतली.

उभा!

दातारांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात वहिनींनी मागे वळून अख्ख्या विमानाला दटावलं, "खबरदार! खाली उतरेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही!"

मराठीचा गंध नसलेल्या घोषदांनी तोंडापाशी नेलेला चहाचा कप दमदम येईपर्यंत तसाच धरून ठेवला.