टामू ते पूर्णा, मार्गे मनमाड

तीस वर्षं भूगोल शिकवून मी निवृत्त झालो आणि पूर्णेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढली. जागा कस्तुराबाईंची. रेल्वे कॉलनीच्या मागं त्यांचं घर, त्यातली पुढची लांब खोली मला भाड्यानं. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, डोळ्यांनी अधू पण कानानं तिखट. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना ऐकू आला की दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. मी मुकाट्यानं उठून बटण बंद करायचो. तीस वर्षांत एकाही हेडमास्तरला मी इतका घाबरलो नाही.

जागा देताना त्यांची अट एकच होती. भिंतीवरचे तीन फोटो हलवायचे नाहीत. बुद्धाचा, बाबासाहेबांचा आणि एका तरुण फौजीचा. पहिल्या दोघांना हार होते, फौजीला नव्हता. असेल कुणी नात्यातला, नोकरीवर असेल, असं मी धरून चाललो. फोटो किती जुना आहे हे नीट बघण्याचीही तसदी घेतली नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या नकाशांच्या हुबेहूब छापील प्रती हल्ली घरबसल्या मागवता येतात. शहरातले लोक त्या दिवाणखान्यात शोभेला लावतात. मला वाटलं, भिंतही सजेल आणि पोरांचा इतिहास-भूगोलही पक्का होईल. म्हणून एक मागवला. चव्वेचाळीस सालचा, इंफाळ ते ब्रह्मदेशातलं टामू. फोटो-फ्रेमवाल्या बालाजीकडं चौकटीत बसवायला दिला. बालाजीच्या दुकानात देव येतात, महापुरुष येतात आणि गेलेली माणसं येतात. नकाशा त्याच्याकडं पहिल्यांदाच आला. त्यानं सवयीनं वर हारासाठी दोन खिळे ठोकले आणि चंदनाचा एक हारही फुकट दिला. फुकटचं मला सोडवत नाही. मी गंमत म्हणून तो हार नकाशाला घातला.

संध्याकाळी कस्तुरामावशी आल्या. चंदनाचा वास लागताच दारातच थांबल्या.

"कोण गेलं, गुरुजी?"

"कुणी नाही मावशी. जुन्या लढाईचा नकाशा आहे. हे इंफाळ, हे टामू."

त्या भिंत चाचपत आल्या, हार काढला आणि माझ्या हातात दिला. "टामूला हार घालू नका. तितं माझा बाप हाय."

त्या बाकावर बसल्या आणि सांगू लागल्या. फोटोतला फौजी म्हणजे त्यांचे वडील, सटवाजी. पूर्णेच्या इंजिन शेडमध्ये कोळसा भरायचे. रेल्वेतून फौजेच्या रेल्वे पलटणीत गेले, तेव्हा कस्तुरा चाळीस दिवसांची होती. पुढच्या वर्षी कागद आला की टामूच्या रस्त्यावर बेपत्ता. आईनं, नर्मदाबाईनं, तो कागद ट्रंकेत टाकला आणि बांगड्या काही फोडल्या नाहीत.

"आई म्हणायची, बेपत्ता म्हंजी मेला न्हाई. माणूस घरी आल्याबिगर त्याला हार न्हाई. मरस्तोर तिनं तेच धरलं. मग मी धरलं. आता तो एकशे चार वर्षांचा झाला असंल. मला बी कळतंय की, गुरुजी. पण मी गेल्यावर या फोटोला वळखणारं कोण हाय? तो घरी आल्याबिगर मला जाता येईना झालंय."

मग त्यांनी नकाशावर हात ठेवला. "यात पूर्णा कुठं हाय?"

"यात नाही मावशी. पूर्णा लय लांब."

"मग राहिलेला मागवा."

असं ते सुरू झालं. पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून एकेक नकाशा येऊ लागला आणि भिंतीवर पश्चिमेकडं सरकू लागला. दिमापूर आलं, ब्रह्मपुत्रा आली, कलकत्ता आलं. पोरांची चांगलीच सोय झाली. नद्या, घाट, रेल्वेमार्ग त्यांना पाठ करावेच लागले नाहीत. मावशींची नात सुकेशनी तलाठी भरतीचा अभ्यास करायची. तिनं आजीला रोज एकेक स्टेशन वाचून दाखवायचं आणि आजीनं ते बोटानं गाठायचं. नागपूर ते भुसावळचा तुकडा काही केल्या मिळेना. मी म्हटलं, तेवढा सोडून देऊ.

"गाडी रूळ सोडून पळती का?" मावशी म्हणाल्या. सुकेशनीनं तीन दिवस बसून तो तुकडा हातानं काढला.

शेवटचा नकाशा गेल्या माघात आला. तो चिकटवला तेव्हा सगळी पोरं पुस्तकं मिटून उभी होती. मी मावशींचं बोट धरून टामूपासून निघालो. भुसावळ झालं, मनमाड झालं, मी भूगोलाच्या मास्तरच्या ऐटीत सरळ औरंगाबादकडं वळलो. मावशींनी बोट रोवलं.

"थांबा. मनमाडला उतरायचं असतंय. इथवर मोठी लाईन, इथून पुढं छोटी. तवा गाडी बदलावी लागायची."

खरंच होतं. तीस वर्षं शिकवलं, आणि मी त्या माणसाला बदलायची गाडी चुकवायला निघालो होतो. आम्ही मनमाडला उतरलो. मावशी बोट तिथंच ठेवून थोडा वेळ थांबल्या. छोट्या लाईनची गाडी नेहमी उशिरा यायची, असं त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

मग जालना, परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी. सुकेशनीचा आवाज बारीक झाला होता. पिंगळी. मिरखेल.

"पूर्णा," ती म्हणाली.

मावशींनी बोट उचललं नाही. "पाणी आन, बाई. आन् भाकरीचा तुकडा."

सुकेशनीनं दोन्ही आणलं. दूरच्या प्रवासाहून आलेल्या माणसाला आपल्याकडं उंबऱ्यातच भाकरतुकडा ओवाळतात. मावशींनी तो फौजीच्या फोटोवरून ओवाळून बाहेर टाकला आणि फोटोखालच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, पाय धुवायला. ब्याऐंशी वर्षांची बाई बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचे पाय धुवत होती आणि त्याला बाबा म्हणत होती. मला रडू आलं. पोरांसमोर आलं, त्याची मला लाज वाटली नाही.

"लय दमून आलेत," त्या म्हणाल्या. पदरानं फोटोची काच पुसली आणि माझ्याकडं हात पसरला.

"द्या आता तो हार, गुरुजी."