मावशीचं तांब्याचं भांडं

आमच्या मावशीने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही आणि तिच्यावर गुन्हा दाखल झाला तो दारूच्या भट्टीचा. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

काका गेल्यावर तिने मागच्या खोलीत गुलाबपाणी काढायला सुरुवात केली. तांब्याचं मोठ्या पोटाचं भांडं, त्यावर झाकण, झाकणातून निघालेली नळी थंड पाण्याच्या बादलीतून पार. वाफ निसटू नये म्हणून झाकणाची फट ती कणकेने लिंपायची. त्या पाण्यावरच तिचं घर चालायचं.

कोणीतरी चुगली केली आणि दारूबंदी खात्याचा साहेब दोन शिपाई घेऊन आला. मावशीच्या कामाच्या स्टुलावर ऐसपैस बसला. खोलीत गुलाबाचा घमघमाट. पण याने झाकणाला चिकटलेली कालची कणीक खरवडून नाकाशी नेली.

"आंबूस वास येतोय. काय आंबवता?"

"अहो, कणीक आहे ती! शिळी कणीक आंबणारच ना?"

"ते राहू द्या. असलं भांडं आणि नळी विनापरवाना ठेवणं हाच गुन्हा. आत काय शिजतं ते कायदा विचारत नाही."

नसेल विचारत. पण गल्लीच्या टोकाला खरी भट्टी राजरोस पेटलेली असते, तिचा वास याच्या नाकाला कधी झोंबला नाही! तिथे तर साहेबासाठी वेगळी खुर्ची ठेवलेली असते. शी! असल्या माणसाला साहेब म्हणायचीही किळस येते.

मावशी परवाना मागायला कचेरीत गेली. मी सोबत होतो.

"आधी भांडं दाखवा, मग परवाना," साहेब दात कोरत म्हणाला.

"भांडं तुम्हीच नेलंत की."

"ते ठोकून चपटं केलं. नवं आणा."

"आणि परवान्याआधी नवं घरात ठेवलं तर?"

"तर पुन्हा गुन्हा."

आम्ही दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून त्याचा मऊ आवाज आला, "मावशी, बायकोचे डोळे फार चुरचुरतात हो. तुमच्याच पाण्याने बरं वाटायचं तिला. एखादी बाटली उरली असेल ना?"

मावशीने वळूनही पाहिलं नाही. घरी एकच बाटली उरली होती. तिने ती उघडली, फडकं भिजवलं आणि साहेब बसला होता ते स्टूल घासघासून पुसलं. बाटली संपली तरी तिचं समाधान होईना. शेवटी तिने स्टूल उचललं आणि उकिरड्यावर टाकून आली. तसंही आता त्याच्यावर बसून करायला काम उरलं नव्हतं.