एका माळवदाखाली

लग्नानंतर आमचं पहिलं स्वतंत्र बिऱ्हाड सोलापुरात एका दुमजली, सपाट मातीच्या छताच्या माळवदी घरात होतं. घर एका सुताच्या व्यापाऱ्याचं. तो स्वतः पेठेत राहायचा आणि हे घर त्यानं चार बिऱ्हाडांना भाड्यानं दिलं होतं. खाली एक तेलुगू विणकर कुटुंब आणि एका दवाखान्यातले कंपाउंडर. वर आम्ही आणि आमच्या दारासमोर अक्का. आमचे हे शाळेत मास्तर. अक्काचे यजमान गिरणीच्या ऑफिसात कारकून.

अक्का मैंदर्गीची. माहेरी कानडी बोलणं, त्यामुळे तिच्या मराठीला एक वेगळाच झोका असायचा. माझ्याहून बरीच मोठी. सख्ख्या बहिणीला म्हणावं तसं मी तिला अक्का म्हणायचे आणि ती मला सरळ एकेरी हाक मारायची. मला एकदा विषमज्वर झाला, तेव्हा ताप उतरेपर्यंत माझ्या चुलीपुढे तीच होती. माझी आई साताऱ्याहून येऊन पोचली तोवर अक्कानं मला पेज भरवून उठून बसतं केलं होतं. आई तिच्या पाया पडायला निघाली, तर ती म्हणाली, "मला कशाला पडता? ही माझीच हाय की."

ते चार घरांचं राहणं खरोखर चांगलं होतं. यांचं म्हणणं असे की घर मालकाचं असलं तरी छप्पर आपल्या डोक्यावर आहे, ते आपण सांभाळायचं. जिन्याचं झाडणं, आडाभोवतीचं शेवाळ घासणं, माळवदावर उगवलेलं गवत उपटणं, सगळ्याच्या पाळ्या ठरल्या होत्या. उन्हाळ्याच्या शेवटी पांढऱ्या मातीची गाडी यायची. पुरुष ती वर चढवून पसरायचे, धुम्मसानं ठोकायचे, आणि आम्ही बायका खाली सगळ्यांचा मिळून स्वयंपाक करायचो. माळवदावर कुणी मिरच्या कुटायच्या नाहीत, खुंटी ठोकायची नाही, पन्हळीत कचरा टाकायचा नाही, असं न सांगता पाळलं जायचं. मी तापानं पडले होते तेव्हा खालच्या विणकरानं दुपारी माग बंद ठेवला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एका वर्षी हस्ताच्या पावसात आमच्या खोलीत भिंतीच्या कडेनं पाणी उतरलं. यांनी कोपऱ्यातली तुळई चाकूनं टोचून पाहिली, तर पातं भसकन आत गेलं. आतून वाळवीनं खाल्ली होती. तीच तुळई भिंतीपलीकडे अक्काच्या माजघरावर जात होती. हे काही माती पसरून भागणारं काम नव्हतं. सुतार लावून लाकूड बदलणं मालकाचंच काम होतं. आणि मालक म्हणजे हो म्हणणारा आणि विसरणारा माणूस. हे दोनदा त्याच्या दुकानी जाऊन आले, दोन्ही वेळा गूळपाणी पिऊन परतले.

तेव्हा अक्काच्या यजमानांनीच सुचवलं. आमच्या उंबऱ्यात बसून ते म्हणाले, "मास्तर, एकट्याचं कोण ऐकतो? चौघं मिळून जाऊ. बोला तुम्ही, आम्ही मागं उभे राहतो." यांना ते पटलं. कंपाउंडर तयार झाले, विणकरही हो म्हणाला. रविवारी सकाळी जायचं ठरलं.

त्याच दिवसांत अक्काच्या भावाची सोलापुरात नोकरी ठरली होती. त्याला तीन लेकरं, चौथं पोटात. अक्का रोज त्याचीच काळजी बोलायची. "कुटं ऱ्हातील गं? गावात चांगली जागाच मिळंना." मी यांच्या मागे लागले होते की शाळेत विचारा, ओळखीत विचारा, अक्काच्या भावाला जागा बघून द्या. हे शाळा सुटल्यावर दोन-तीन ठिकाणी जाऊनही आले. एक जागा पाण्यापासून लांब, दुसरी अंधारी. येऊन अक्काला सांगायचे, आणि ती म्हणायची, "किती करता हो मास्तर आमच्यासाठी." येणाऱ्या पोरांसाठी ती वाकळा शिवत होती. दुपारी मी तिच्याकडे बसून टाके घालायचे. माझी एक जुनी इरकली साडी होती, मऊ झालेली. तिचं अस्तर मीच दिलं.

रविवारी सकाळी हे धुतलेला कोट घालून निघाले. समोर अक्काचे यजमान दिसले नाहीत. अक्का म्हणाली, ते पुढं गेलेत, वाटेत भेटतील. खाली विणकर मागावर बसलेला दिसला, पण यांना वाटलं, येईल मागून. कंपाउंडरांचं दार बंद होतं. हे गेले.

ते परत आले तेव्हा मी डाळ धूत होते. कोट न काढता चटईवर बसले. मी पाणी दिलं, ते हातातच धरून ठेवलं.

"कुणी आलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? भावजी तर पुढं गेले होते."

"ते कालच जाऊन आले होते."

मग एकेक करून सगळं कळलं. मालकानं यांना बसवून घेतलं आणि हसत विचारलं, मास्तर, तुम्ही एकटेच? बाकीच्यांची तर काही तक्रार नाही. तुम्हीच भाडेकरूंना भरीला घालता असं तुमचे शेजारी सांगून गेले. जागा पसंत नसेल तर खुशाल सोडा. त्यांच्या मेहुण्याला हवीच आहे, महिनाअखेरीस रिकामी करून द्या.

मी तशीच ओल्या हातांनी खाली गेले. विणकराच्या बायकोला विचारलं, तुमचे यजमान का नाही गेले? ती गोंधळून म्हणाली, "काल तुमच्या समोरच्या साहेबांनी सांगितलं की, जायचं रद्द झालं. मास्तरांनीच नको म्हटलंय म्हणून." कंपाउंडरांनाही तेच सांगितलं होतं.

जिना चढताना मला अजून वाटत होतं की अक्काला हे ठाऊक नसेल. पुरुषांचं परस्पर झालं असेल. ती कळल्याबरोबर नवऱ्याशी भांडेल, असंसुद्धा मी मनात धरलं होतं.

ती भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून म्हटलं, "अक्का, आमची जागा तुमच्या भावाला दिली मालकानं."

तिचा हात थांबला नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"लेकरं लई ल्हान हाईत गं त्येची," ती म्हणाली. "तुमी दोघंच. तुमाला कुटंबी मिळंल."

"मला सांगायचं होतंत."

तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं, तर सोडली असतीस व्हय?"

सोडली असती की नसती, ते मला आजही सांगता येत नाही. पण तिनं विचारायला हवं होतं. तिच्या मांडीला मांडी लावून मी टाके घालत होते, तेव्हा ती पोरं कुठल्या भिंतीशी निजणार हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या दुपारी माझ्याकडून दोरा ओवून घेताना ती नेहमीसारखीच हसत होती. त्या हसण्यानं मला जागेपेक्षा जास्त दुखवलं.

शेवटच्या आठवड्यात मातीची गाडी पुन्हा आली, हस्तात गळलेल्या माळवदावर आणखी एक थर द्यायला. या खेपेला पहिली पाळी आमची होती. हे धोतर खोचून वर निघाले, तशी मी आडवी आले.

"त्यांच्यासाठी माती टाकणार तुम्ही?"

"खाली विणकराची पोरं आहेत," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं अक्काचे यजमानही वर गेले. वरून धुम्मसाचा आवाज येत राहिला. मध्येच अक्काचे यजमान म्हणाले, "मास्तर, दमलात, आणा इकडे," आणि यांनी "घ्या ना" म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी खोलीत भांडी बांधत होते. एक पातेलं मी भिंतीवर आपटलं. त्याला पोचा पडला.

जायच्या दिवशी अक्काच्या यजमानांनी आमची ट्रंक स्वतः उचलून जिन्यावरून उतरवली. "जपून वहिनी," असं मला दोनदा म्हणाले. अक्कानं कुंकवाचा करंडा पुढं केला. मी कपाळ पुढं केलं, कारण सवाष्णीनं नाही म्हणायचं नसतं. पण तिच्याकडे पाहिलं नाही. विणकराची बायको मात्र टांग्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत आली आणि तिथे पदर तोंडाला लावून उभी राहिली.

पुढे त्याच साली मालकानं ती तुळई बदलली, चांगलं सागवानी लाकूड घालून. कंपाउंडर रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी सांगितलं. यांना ऐकून बरं वाटलं. "झालं ना काम," म्हणाले. मला त्या बरं वाटण्याचा इतका राग आला की दोन दिवस मी धड बोलले नाही. अक्काचा भाऊ तिथे सुखानं राहिला, असंही कळलं. त्याच्या पोरांचं काही वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. पण अक्काच्या घरचं कसं आहे, हे मी कुणाला विचारलं नाही, आणि कुणी सांगू लागलं तर विषय बदलला.

नव्या जागी आम्हाला एकच खोली आणि पडवी मिळाली. आठवडाभरात हे शेजाऱ्यांना गोळा करून मोरीच्या गटाराला उतार कसा द्यायचा ते बोलू लागले. जणू काही झालंच नव्हतं. ते तसेच होते, शेवटपर्यंत तसेच राहिले.

मला ते जमलं नाही. पलीकडच्या खोलीतली एक नवीन लग्न झालेली मुलगी एक दिवस वाटी घेऊन विरजण मागायला आली. चेहरा बावरलेला, घर नवं. मी विरजण दिलं. तिनं आत डोकावून विचारलं, "काय करताय?" मी म्हटलं, "काही नाही." ती जराशी थांबली, मी बस म्हणेन म्हणून. मी म्हटलं नाही. मग ती वाटीवर तळहात झाकून हळूहळू आपल्या दाराकडे गेली.