न लिहिण्याची अट

लेखकाला लोक एक प्रश्न हमखास विचारतात, तुम्हाला स्फूर्ती कुठून मिळते? मी निसर्ग, समाज, माणुसकी असं काहीबाही सांगतो आणि लोक माना डोलावतात. खरं उत्तर असं आहे की पहाटे अंघोळ करून, लिहायचा पाट पुढ्यात ओढून, गालात निपाणीची तंबाखू धरल्याशिवाय मला एक ओळ सुचत नसे. आणि ती तंबाखू ज्या घरातून यायची, त्या घराबद्दल अक्षर न लिहिण्याची शपथ मी घेतलेली होती. ती कशी घ्यावी लागली ते सांगतो.

इंग्रजी राज्य होतं. मी बेळगावात मास्तर होतो, आणि तिशीच्या आत कादंबरी लिहिली नाही तर जन्म फुकट गेला असं वाटणाऱ्यांपैकी होतो. माझ्या पहिल्या कादंबरीतली नायिका भर मांडवातून उठते आणि पुण्याला जाऊन नर्स होते. मी पुणं एकदा पाहिलं होतं, इस्पितळ एकदाही नाही. कादंबरी फारशी कुणी विकत घेतली नाही, पण वाचली मात्र साऱ्या गावानं, आणि नायिका पळाली म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अडलं.

धाकटी गल्लीच्या टोकाला जायचं तरी आईला विचारून जाणारी. पण तिला बघायला येणारे तिच्याकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघत. खानापूरकडचं एक स्थळ उप्पीट खाऊन, चहा पिऊन, पसंती दाखवून गेलं आणि आठवड्यानं निरोप आला, “मुलगी चांगली आहे, पण घरात कादंबरीकार आहे.” घरात क्षय आहे म्हणावं तसं. दुसऱ्या स्थळानं सरळच विचारलं, “पुस्तकातली ती हीच का?” आई आत जाऊन रडली. बाहेर येऊन मला म्हणाली, “तुझी नायिका गेली पुण्याला, माझी पोर बसली घरात.” आजवर माझ्या लेखनावर झालेली ही सर्वांत नेमकी टीका.

पुढं निपाणीचं स्थळ आलं. तंबाखूचे व्यापारी, मोठा बारदाना, दोन वखारी. मुलाचे वडील स्वतः बोलणी करायला आले. बैठकीत मानपानाचं बोलणं कुठंही अडेना, तेव्हाच मला शंका आली. शेवटी त्यांनी सुपारी कातरता कातरता आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं,

“तुमचा थोरला ल्योक पुस्तकं लिवतो म्हणं?”

आप्पांनी मान खाली घालून “व्हय” म्हटलं.

“लिवंना का. आमचं काय म्हणणं न्हाय. पर आमच्या घरातली गोष्ट भाईर छापून यायची न्हाय. येक अक्षर न्हाय. ही येवढी येक अट.”

मुलाकडचे काय काय मागतात! हे माझं गप्प बसणं मागत होते. आईला तर हसू लपवता येईना. आप्पांनी ताबडतोब देव्हाऱ्यातून बेलाचं पान आणि भंडारा आणायला सांगितलं. मी बेलभंडारा उचलून खुशीनं शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला धाकटीच्या होणाऱ्या सासऱ्यांची थोडी कीवच आली. तंबाखूच्या घरात लिहिण्यासारखं असून असून काय असणार? माझ्या डोक्यात त्या वेळी राण्या आणि किल्ले होते.

लग्न थाटात झालं. धाकटी पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती तांदळाचं सूप घेऊन माझ्याशेजारी बसली आणि खडे वेचता वेचता बोलायला लागली. सासू कशी खोकते, जाऊ कशी हसते, वखारीत कामाला येणाऱ्या बायका मालकाच्या पाठीमागं काय म्हणतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा. मग मध्येच एक गोष्ट तिनं अगदी साध्या आवाजात सांगितली, सूप खाली न ठेवता. ती गोष्ट मी इथं लिहिणार नाही.

तिथून पुढं दर दिवाळीला आणि दर बाळंतपणाला हेच. आईशी ती साडीचोळीचं बोले, कारण खरं ऐकलं तर आई अन्न सोडणार. आप्पांशी बोलायची सोय नव्हती, ते लगेच पुढच्या मोटारीनं निपाणीला जाऊन उभे राहिले असते. सगळं माझ्या वाट्याला येई. मी ऐकताना भाऊ असायचो की लेखक, हे मला नीट सांगता येत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं असताना हे वाक्य प्रकरणाच्या शेवटी यावं की सुरुवातीला, असा विचार माझ्या मनात आलेला आहे. देवानं ताट वाढून पुढं ठेवावं आणि हात बांधून टाकावेत, अशी माझी गत होती.

दरम्यान मी राण्यांवर लिहीत राहिलो. माझ्या राण्या शुद्ध बोलत, वेळेवर मूर्च्छित होत. पुण्याच्या एका मासिकात कुणीतरी लिहिलं की लेखकाला दरबार ठाऊक आहे, पण घर कसं असतं याची कल्पना नाही. तो अंक मी पाटाखाली सरकवला आणि दिवसभर शाळेत पोरांवर खेकसलो. धाकटीचे सासरे मात्र माझे चाहते झाले. दर दिवाळीला तिच्याबरोबर निवडक तंबाखूच्या पानाचा पुडा पाठवायचे, वर निरोप, “राणी झकास जमलीया. असंच लिवा. आमच्या घरात अशी कुणी न्हाय.”

एकदा मी पळवाट काढून पाहिली. निपाणीची सांगली केली, तंबाखूची हळद केली, सासऱ्यांना मिशा दिल्या. दोन प्रकरणं झाली. पण हळदीच्या पेवावर उभा राहून तो मिशीवाला बोलायला लागला की आवाज निपाणीचाच यायचा. सांगलीच्या गाढवानंसुद्धा ओळखलं असतं. ती पानं मी अंघोळीच्या बंबात घातली आणि पुन्हा एका राणीला बेशुद्ध पाडलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. धाकटी यायची ती काकतीच्या अलीकडं दोनदा बंद पडलेल्या मोटारीतून, तोंडभर काजळी घेऊन, आणि पाय धुवायच्या आधी म्हणायची, “अण्णा, बस हितं. लई साठलंय.” कागदाचीही टंचाई होती. लेखकांनी तेवढ्यात आपण देशासाठी गप्प आहोत असं म्हणून घेतलं. माझं गप्प बसणं जुनंच होतं, पण त्याला पहिल्यांदाच जरा मान मिळाला.

लढाई संपली आणि पुढच्या पावसाळ्यात सासरे वारले. मी निपाणीला जाऊन आलो. मला मनापासून वाईट वाटलं, आणि परतताना संकेश्वर यायच्या आत पहिलं प्रकरण डोक्यात तयार होतं. दोन्ही खरं आहे. दिवसकार्य उरकेपर्यंत दम धरला, मग आमच्या भटजींना गाठून विचारलं, ज्याला शब्द दिला तो माणूस गेला तर शब्दाचं काय? भटजींनी बराच विचार करून सांगितलं, “घेणाराच न्हाय तर देणारा मोकळा.” मी त्यांना नमस्कार केला. छापखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाचे पाय धरून कागद मिळवला, तावांना समास पाडले, पाट पुसून ठेवला.

त्या दिवाळीला धाकटीच्या घरच्या दुखवट्यामुळं आमच्याकडंही गोडधोड नव्हतं. धाकटी आली, सुपात तांदूळ घेऊन बसली. मी तिला बोलू दिलं नाही. म्हटलं, “आता ऐक. मी मोकळा झालो. तुझ्या घराची कादंबरी लिहितोय. एवढी वर्षं तू सांगितलंस, त्यातला शब्द वाया जाऊ देणार नाही.” मला वाटलं ती खूश होईल.

तिचे हात थांबले.

“अण्णा, तू लिवणार न्हाईस, म्हणून तुला सांगितलं.”

मी म्हटलं, “अगं, पण नावं बदलेन. गाव बदलेन.”

“बदल की. तुझ्या पुस्तकाला वाचणारी लई मिळतील रं. पर तू लिवलंस, तर उद्यापासनं मी कुणाला सांगू?”

माझं तोंड बांधलं गेलं म्हणून मी इतकी वर्षं कुढत होतो आणि ती त्याच्याच भरवशावर त्या घरात जगत होती. मला लाज वाटली. मी फक्त “बरं” म्हणालो. थोड्या वेळानं तिनं पुन्हा खडे वेचायला घेतले, पण त्या दिवशी सांगितलं काही नाही. सांगायला लागली ती भाऊबीजेला, तेही माझ्या तोंडाकडं दोनदा निरखून बघून.

मिळवलेल्या कागदावर मी आणखी एक राणी लिहिली. ती साफ पडली.

हे एवढं लिहायच्या आधीसुद्धा मी निपाणीला जाऊन तिला विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि म्हणाली, “अट तुला घातलीती, ती लिव. बाकीचं माझं हाय.”