धुळ्यातली दुबई

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तेव्हा मी जळगावला आर्थिक गुन्हे शाखेत होतो. धुळ्याला बदलून गेलेल्या आमच्या जुन्या हवालदाराचा एके दिवशी फोन आला. धुळ्याच्या बसस्टँडवर त्याने केळीच्या वेफर्सचं पाकीट घेतलं होतं. त्यावर अरबीत छपाई होती, ‘निर्यातीसाठी’ असं लिहिलेलं होतं आणि खाली रावेर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं नाव होतं. विकणारा ते निम्म्या भावात देत होता. हवालदार म्हणाला, “साहेब, परदेशात जाणारा माल स्टँडवर कसा आला, तेवढं बघा.”

स्टेशन डायरीत नोंद करून मी गटाकडे गेलो. जळगावच्या एका हॉटेलात ‘परदेशी व्यापार कसा सुरू करावा’ याचे वर्ग भरायचे, तिथे या बायका शिकून आल्या होत्या. शिकवणारा हुशार होता. निर्यातीचा परवाना कसा काढायचा, पाकिटावर काय छापायचं, नमुना कसा पाठवायचा, हे सगळं त्याने खरंच नीट शिकवलं होतं. वर्ग संपल्यावर त्याने दुबईचा एक खरेदीदार गाठून दिला आणि माल बंदरावर नेणारा ट्रकही स्वतःच ठरवला. पैसे माल पोहोचल्यावर मिळणार होते.

मी पाकीट समोर ठेवलं. एक बाई म्हणाली, हे आमचं नाही. दुसरी म्हणाली, माल दुबईला पोहोचला, तसा निरोप आलाय. तक्रार द्यायला कोणी तयार नव्हतं. गावभर सांगून झालं होतं, सरपंचांच्या हस्ते ट्रकला नारळ फोडून झाला होता. आता फसलो म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? गटाची अध्यक्ष मात्र ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघत होती.

दोन-तीन दिवसांनी ती एकटीच जळगावला आली. आमच्या कचेरीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. आमच्या लेखनिकाने जाता जाता विचारलं, शिकल्यासवरल्या बाई तुम्ही, फसलात कशा? ती उठून निघालीच होती. मी तिला आत बोलावलं आणि महिला कर्मचाऱ्याला शेजारी बसवलं.

ती म्हणाली, “साहेब, खरेदीदाराचा आवाज माझ्या भावाचा होता.”

तिचं माहेर भडगावकडचं. धाकटा भाऊ दुबईला नोकरीला गेलेला. खरेदीदार फोनवर हिंदीत बोलायचा, चेहरा कधी दाखवायचा नाही. एकदा बोलता बोलता तो शेजारच्या कोणाला तरी म्हणाला, “बठ्ठं लिखी ले.” सगळं लिहून घे, एवढंच. पण बोली माहेरची आणि आवाज घरातला. तिला वाटलं, भाऊ त्याच कंपनीत असेल, नात्याची अडचण नको म्हणून ओळख देत नसेल. उलट तिची खात्री पटली. ज्या बायका कचरत होत्या त्यांनाही तिने तयार केलं.

फिर्याद लिहून घेताना तिने हेही त्यात घालायला लावलं, की मला आवाज ओळखू आला होता आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. गुन्हा नोंदवण्यासाठी त्याची तेवढी गरज नाही, असं मी समजावून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

खरेदीदाराच्या फोन नंबरचं ठिकाण धुळ्यातच निघालं. तिथल्या स्थानिक गुन्हे शाखेला बरोबर घेऊन आम्ही एका भाड्याच्या खोलीवर गेलो. भाऊ स्टोव्हवर खिचडी करत होता. पळाला नाही, हुज्जत घातली नाही. चौकशीत मात्र दोन दिवस ‘मला माहीत नाही’ यापलीकडे गेला नाही. शेवटी त्याने विचारलं, फिर्याद कोणाची आहे? मी प्रत त्याच्यापुढे सरकवली. त्याने बहिणीचं नाव वाचलं, पुढचंही सगळं वाचलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग तो बोलला. दुबईची नोकरी काही महिन्यांतच गेली होती. वाजतगाजत पाठवलेलं, परत कसं जायचं म्हणून तो धुळ्यात उतरला आणि घरी ‘दुबईतच आहे’ असं सांगत राहिला. तिथे शिकवणाऱ्याची गाठ पडली. त्याला तिकडच्या धाटणीचं हिंदी बोलणारा माणूस हवाच होता.

मी विचारलं, “समोर बहीण आहे हे कळलं नाही?”

“पहिल्याच फोनला कळलं.”

“मग थांबवलं का नाहीस?”

“थांबवलं असतं तर मी कुठे आहे ते घरी कळलं असतं.”

त्याने दिलेल्या माहितीवरून शिकवणारा नाशिकला सापडला. ट्रक बंदराकडे न जाता जिथे उतरले होते त्या गोदामाचा पंचनामा झाला, उरलेला माल जप्त झाला. चाळीसगावपासून चोपड्यापर्यंत आणखी कितीतरी जण त्याच वर्गात फसले होते. पण जबाब द्यायला पुढे आले ते ही बाई उभी राहिल्यावर.

भावाला कोर्टात हजर केलं त्या दिवशी त्यांचे वडील आले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “साहेब, पोऱ्या दुबईथून कधी उना?” पोरगा दुबईहून कधी आला, म्हणून. उत्तर शेजारी उभ्या मुलीने दिलं. “आबा, तो आठेच व्हता. धुळामा.” इथेच होता, धुळ्यात. म्हाताऱ्याने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि तो मुलाकडे न बघता बाहेर जाऊन बसला.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी रावेरला गेलो तेव्हा तिला भेटलो. काही बायका गट सोडून गेल्या होत्या, उरलेल्यांनी नेट लावला होता. तेच शिकलेलं वापरून, बँकेमार्फत पैशांची हमी घेऊन, त्यांचा माल आता खरोखर आखातात जातो. भाऊ घरी शेती बघतो. ती म्हणाली, “आबा अजून गावात सांगतात, तिकडची कंपनी बंद पडली म्हणून आला.” मी विचारलं, आणि तुम्ही? ती म्हणाली, “मी भडगावला जातच नाही. मी बोलले म्हणून पोरगं जेलात गेलं, अशा नजरेने घरचे माझ्याकडे बघतात.”

नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पाहिले. लाजेने मान खाली घातलेले त्यांत थोडेच होते. शिकवणारा तर कोर्टात केस विंचरून यायचा. मान खाली असायची ती फिर्यादींची. फसवणुकीचा धंदा या लाजेच्या भरवशावरच चालतो, हे मला या प्रकरणाने शिकवलं. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे लेखनिकाला माझी पहिली सूचना एकच असायची: बाकावर बसलेल्या माणसाला ‘फसलात कसे’ म्हणून विचारायचं नाही. मान तिने खाली घालायची नाही, हे तिच्या माहेरी जाऊनही सांगायला हवं होतं. त्यासाठी मात्र पोलिसाकडे कोणतंच कलम नव्हतं.